नंदुरबारास जावें केव्हां?

प्रवासास निघावयाचें ठरलें म्हणजे मनुष्य प्रथम गाडीचें वेळापत्रक पाहतो, मग खर्चाचा अंदाज करतो, आणि ऋतूचा विचार बहुधा अगदीं शेवटीं, किंबहुना त्या गांवीं पोंचल्यावरच करतो. थंड हवेच्या ठिकाणीं ही चूक खपून जाते. उष्ण मुलुखांत ती खपत नाहीं. जेसलमेरसारख्या वाळवंटांतील नगराविषयीं कोणीही सांगेल कीं, तेथें नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळांतच जावें. वाळवंट हा शब्दच माणसास सावध करतो. परंतु ज्या शहराभोंवतीं वाळू नाहीं, उलट कपाशीची काळीभोर जमीन आहे, ज्याच्या उत्तरेस थोड्या अंतरावरून तापी वाहते आणि तिच्याही पलीकडे सातपुड्याची निळी रांग दिसते, तेथें उन्हाचें भय कोणास वाटावें? महाराष्ट्राच्या वायव्य टोंकास असलेलें नंदुरबार हें असें शहर आहे. वाळवंट नसून वाळवंटासारखें तापणारें. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील या स्टेशनावर मे महिन्याच्या दुपारीं जो प्रथमच उतरतो, त्यास ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाहीं.

हें शहर इतकें तापतें कां, हें आधीं पाहिलें पाहिजे. कारण त्याच्या उत्तरांतच केव्हां जावें याचें अर्धें उत्तर आहे. पुणें समुद्रसपाटीपासून साडेपांचशें मीटरांवर आहे, तर नंदुरबार अवघ्या दोनशें मीटरांच्या आसपास. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस सह्याद्रीचे फांटे यांच्यामध्यें तापीचें खोरें एखाद्या मोठ्या परातीसारखें पसरलेलें आहे. शहराचा अक्षांश साडेएकवीसाच्या किंचित् अलीकडे असल्यामुळें मे महिन्याच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या सुमारास मध्यान्हीं उभ्या काठीची सावली जणूं नाहींशी होते. आकाशांत ढग नसतात. कपाशी केव्हांच निघून गेलेली असते आणि शेतें उघडीं पडलेलीं असतात. जमिनींत ओल असली म्हणजे उन्हाची बरीचशी शक्ति ती ओल वाळविण्यांत खर्च होते. ओल नसली म्हणजे ती सारी जमीन व हवा तापविण्यांत जाते. काळी जमीन तर उजळ रंगाच्या वाळूपेक्षां अधिक ऊन पिते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणें ही येथें नित्याची गोष्ट आहे, आणि कांहीं दिवशीं तो त्याहूनही तीन-चार अंश चढतो. सपाट प्रदेशांत कमाल तपमान निदान ४० अंश असून नेहमींपेक्षां साडेचार अंशांनीं किंवा अधिक वाढलें, अथवा तें ४५ अंशांवर गेलें, म्हणजे हवामानखातें उष्णतेची लाट आली असें म्हणतें. नंदुरबारकरांस या व्याख्येची गरज लागत नाहीं. दुपारीं बारा ते चार बाजारपेठ ओस पडते, हीच त्यांची व्याख्या.

पारा सारखाच असला तरी दोन दिवस सारखे नसतात, ही गोष्ट पाहुण्याच्या सहसा लक्षांत येत नाहीं. मे महिन्यांतील ऊन कोरडें असतें. घाम येतां येतांच वाळतो, आणि आपणांस घाम आलाच नाहीं असा भ्रम होतो. शरीरांतील पाणी मात्र जातच असतें. म्हणून या दिवसांत तहान लागण्याची वाट पाहूं नये. ताक, पन्हें, मीठ घातलेलें लिंबाचें सरबत हीं घेत राहावींत आणि डोकें पांढऱ्या फडक्यानें झांकावें. जून महिन्याचा पहिला पंधरवडा याच्या उलट. पारा थोडा खालीं येतो, परंतु पावसापूर्वींची दमट हवा अंगावरचा घाम वाळूं देत नाहीं, आणि घाम वाळला नाहीं तर शरीर थंड होत नाहीं. पारा उतरला म्हणून पाहुणा खूष होतो व जास्त हिंडतो, आणि नेमका तेव्हांच आजारी पडतो. उन्हांत हिंडलेला मनुष्य बरळूं लागला, त्याचा तोल जाऊं लागला आणि अंग चुलीसारखें तापलें, तर तो उन्हाचा झटका समजावा. त्यास ताबडतोब सावलींत न्यावें, कपडे सैल करावे, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि लागलीच दवाखान्याची वाट धरावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडांत पाणी घालूं नये. खिशांत कांदा ठेवला म्हणजे ऊन लागत नाहीं, ही समजूत खानदेशांत जुनी आहे. खिशांतला कांदा ऊन शोषून घेतो यास कांहीं आधार नाहीं. तो भाकरीबरोबर खाल्ला तर निदान पोटांत जातो.

तेव्हां हिंवाळा उत्तम, असें म्हणून विषय संपवितां आला असता. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नंदुरबारची हवा खरोखरच सुखद असते. सकाळीं अंगावर शाल हवीशी वाटते, दुपारचें ऊन सोसवतें आणि वांग्याचें भरीत व कळण्याची भाकर या दिवसांत जशी लागते तशी इतर वेळीं लागत नाहीं. सातपुड्यांत थंडी याहून कडक असते. मोठी लाट आली तर डाबसारख्या उंचावरील गांवांत गवतावरचें दंव गोठून पांढरें होतें. मे महिन्यांत होरपळणाऱ्या जिल्ह्यांतच हा देखावा दिसतो, हें सांगूनही पुष्कळांना खरें वाटत नाहीं.

हिंवाळ्यांत नंदुरबार शहरांत पाहण्यासारखी जी मुख्य गोष्ट ती कोणत्याही मार्गदर्शिकेंत देवळा-किल्ल्यांच्या यादींत सांपडणार नाहीं. ती म्हणजे मिरची. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ओल्या लाल मिरचीची आवक बाजारसमितींत सुरू होते व ती हिंवाळाभर चालते. व्यापारी ती विकत घेऊन शहराबाहेरच्या मोकळ्या माळांवर पसरतात. या जागांस येथें पथारी म्हणतात. उंचवट्यावर उभें राहून पाहिलें तर जमीन दृष्टि पोंचेल तेथवर तांबडी दिसते. तोंडास फडकें गुंडाळलेल्या बायका त्या तांबड्या शेतांतून हळूहळू पुढें सरकत मिरची वरखालीं करीत असतात, कोठें देंठ खुडण्याचें काम चाललेलें असतें, आणि वाऱ्याची झुळूक आली कीं पाहुण्यास ठसका लागतो. त्या बायकांना लागत नाहीं, निदान लागल्याचें त्या दाखवीत नाहींत. ही मिरची सुकते ती कोरड्या हवेमुळें व निरभ्र आकाशामुळें. ज्या उन्हास पाहुणा भितो, त्या उन्हावरच या शहराचा एक मोठा व्यापार उभा आहे.

आणि म्हणूनच पाहुण्यास जें प्रिय, तें येथील माणसास कधीं कधीं शत्रूप्रमाणें वाटतें. डिसेंबर-जानेवारींत आकाश भरून आलें, गार वारा सुटला, दोन सरी पडल्या, तर प्रवासी म्हणतो, काय सुरेख हवा झाली! त्याच वेळीं पथारीवर धांवपळ उडालेली असते. पसरलेली मिरची इतकी असते कीं ती सारी झांकणें शक्य नसतें. जी भिजते ती कुजते किंवा पांढरी पडते. तिचा रंग गेला म्हणजे भावही गेला. अशा दिवशीं शहरांत असणाऱ्यानें हवेची तारीफ जरा हळू आवाजांत करावी हें बरें.

हिंवाळ्यांतच मार्गशीर्षी पौर्णिमेस, म्हणजे दत्तजयंतीस, तापीकांठच्या सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा भरते. देशाच्या निरनिराळ्या भागांतून तेथें घोडे विकावयास येतात. घोड्यांची पारख नसणाऱ्यानेंही एक सकाळ तेथें घालवावी. विकणारा घोड्याचे गुण सांगत असतो आणि घेणारा न बोलतां त्याचे दांत पाहत असतो, हा संवाद ऐकण्यासारखा आहे. तेथून जवळच प्रकाशें हें क्षेत्र. तापी व गोमाई यांच्या संगमावरील या गांवास दक्षिणकाशी म्हणतात. भाविक तेथें केदारेश्वर व संगमेश्वर यांच्या दर्शनास जातात. परंतु ज्यास खोऱ्याच्या उन्हाचा विचार करावयाचा आहे, त्यानें नदीकांठच्या टेकाडाकडेही पाहावें. १९५४-५५ सालीं भारतीय पुरातत्त्वखात्याच्या वतीनें बी. के. थापर यांनीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे थर उघडकीस आले. सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वीं या खोऱ्यांत माणसें घर करून राहिलीं, तीं येथील उन्हाळा ठाऊक असूनच.

हें सर्व खरें असतांही हिंवाळ्याविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती फारसें कोणी सांगत नाहीं. जिल्ह्याचा उत्तर भाग, म्हणजे अक्राणी तालुका व अक्कलकुव्याचा डोंगराळ मुलूख, हा भिल्ल, पावरा इत्यादि आदिवासींचा आहे. जिल्ह्याचें निराळेपण जर कोठें असेल तर तें तेथें आहे. हा जिल्हा धुळें जिल्ह्यांतून १ जुलै १९९८ रोजीं वेगळा काढण्यांत आला, तोही या आदिवासी मुलुखाकडे लक्ष पुरविणें सोपें व्हावें म्हणून. आतां डोंगरांतली शेती पावसाच्या पाण्यावरची. पीक निघालें, दिवाळी झाली, कीं पुष्कळ कुटुंबें बिऱ्हाड पाठीवर घेऊन गुजरातेंत ऊसतोडणीस व इतर मजुरीस उतरतात. लेंकरेंही बरोबर जातात. पाड्यांत मागें राहतात तीं बहुधा म्हातारीं माणसें, गुरें आणि घराच्या कुडास टेकवून ठेवलेलीं औतें. डिसेंबर महिन्यांत सुखद हवेंत सातपुडा पाहून आलेला प्रवासी जेव्हां सांगतो कीं, काय शांत गांवें आहेत हीं, तेव्हां ती शांतता म्हणजे अर्धीं घरें बंद असल्याची खूण आहे हें त्याच्या ध्यानींही नसतें. पाहुण्यास जो महिना सोयीचा, तो यजमानाच्या गैरहजेरीचा. डोंगर, दऱ्या, मिरची व घोडे पाहावयाचे असतील तर हिंवाळा उत्तम; डोंगरांतलीं माणसें त्यांच्या घरीं भेटावयाचीं असतील तर दुसरा काळ शोधला पाहिजे.

तो काळ पावसाळा काय? पावसाळ्यांत माणसें शेतावर असतात आणि डोंगर अतिशय सुंदर दिसतात. नवापूर-अक्कलकुव्याकडे पाऊस जास्त, शहाद्याकडे बेताचा. तोरणमाळाचें पठार या दिवसांत धुक्यानें भरून जातें; सीताखाईच्या दरींत पाणी कोसळूं लागतें आणि यशवंत तलाव कांठोकांठ भरतो. परंतु सातपुड्यांतील घाटांचे रस्ते अरुंद आहेत. चांदसैली, देवगोई या घाटांत मुसळधार पाऊस झाला कीं दरड येते. पाहुण्याची एक रात्र त्यानें खोळंबते. धडगांवाकडील आजाऱ्याचा मात्र दवाखान्याचा रस्ताच बंद होतो. अशा दिवशीं केवळ धबधबा पाहण्यासाठीं घाटांत गर्दी करूं नये. शिवाय हे दिवस पेरणी-निंदणीचे. बोलावयास कोणास फुरसत नसते. ऑगस्टचा शेवट व सप्टेंबर हा त्यांतल्या त्यांत बरा काळ. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं नंदुरबारांत निघालेल्या विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती यांनीं प्राण दिले. त्या तारखेस शहरांत असणाऱ्यानें त्यांच्या स्मारकापाशीं जावें. ऑक्टोबर महिना सोडून द्यावा. पाऊस सरतांच शरदाचें ऊन पुन्हां चटका देऊं लागतें. दिवाळींत, धनत्रयोदशीपासून, हजारों भाविक अस्तंब्याचें शिखर चढतात. चार हजार फुटांहून उंच असलेल्या या शिखरावर अश्वत्थामा अजून वावरतो व भाळींच्या जखमेसाठीं तेल मागतो, अशी श्रद्धा आहे. ही वाट बिकट आहे. पाय मजबूत असणाऱ्यानें जावें, इतरांनीं पायथ्याशीं राहून यात्रा पाहावी.

उन्हाळ्यांत मुळींच जाऊं नये असेंही नाहीं. कामासाठीं, लग्नकार्यासाठीं जावें लागतेंच. मार्च-एप्रिलांत मोहाचीं फुलें गळूं लागतात. तीं रात्रीं गळतात, म्हणून बायका-मुलें अंधारांतच टोपल्या घेऊन निघतात व ऊन चढण्यापूर्वीं परततात. प्रवाशानेंही याच वेळा पाळाव्या. मोहाच्या झाडाखालून जातांना पायाखालीं पाहावें, कारण एका झाडाखालीं पडलेलीं फुलें हें एका घराचें उत्पन्न असतें. पुढें एप्रिल-मेमध्यें धडगांव-मोलगीकडे घरोघरीं कैऱ्या सोलून त्यांच्या फोडी उन्हांत वाळविल्या जातात. तें आमचूर दूरदूरच्या बाजारांत जातें. येथेंही पुन्हां तें ऊनच कामास येतें. या दिवसांत तोरणमाळास जाणाऱ्यानें एक हिशेब मनांत ठेवावा. उंचीबरोबर दर हजार मीटरांस हवा सुमारें सहा ते साडेसहा अंशांनीं थंड होते. तोरणमाळाचें पठार शहाद्याहून सुमारें हजार मीटर उंच आहे. म्हणजे शहाद्यास ४२ अंश असतां वर पस्तीस-छत्तीस असावेत. हा फरक मोठा आहे, पण महाबळेश्वर समजून जो जातो तो फसतो. खरा लाभ रात्रींचा. वर झोंप लागते, खालीं लागत नाहीं. महाशिवरात्रीस तेथें गोरखनाथाची यात्रा भरते, आणि तेव्हां मात्र दिवसही सुखाचा असतो.

महाशिवरात्रीनंतर पंधरा दिवसांनीं होळी येते. ज्यास वर्षांत एकदांच नंदुरबार जिल्ह्यांत जातां येईल, त्यानें होळीच्या आठवड्यांत जावें. ही निवड हवेच्या दृष्टीनें सर्वोत्तम नाहीं. मार्च महिन्यांत सपाटीवर दुपार तापूं लागलेली असते, छत्तीस-सदतीस अंश सहज होतात. परंतु उन्हाळा अजून धोक्याचा झालेला नसतो, घाट कोरडे असतात आणि डोंगरांतल्या रात्रीं गार असतात. मुख्य गोष्ट ही कीं, माणसें घरीं परतलेलीं असतात. दिवाळीस न सुटणारा मजूर होळीस सुटतो. मुकादमाशीं भांडून सुटतो, पण गांवीं येतो. होळीपूर्वींच्या आठवड्यांत ठिकठिकाणीं भोंगऱ्या बाजार भरतात. गूळ, डाळ्या, खजूर, नवीं लुगडीं, चांदीचे दागिने यांची खरेदी होते, ढोल वाजूं लागतात, आणि चार महिने बंद असलेल्या घरांच्या चुली पेटतात.

या होळ्यांत मोलगीजवळच्या काठी येथील होळीचा मान मोठा. काठी हें पूर्वीं एक लहानसें आदिवासी संस्थान होतें, म्हणून तीस राजवाडी होळी म्हणतात. तिची परंपरा कित्येक शतकांची सांगतात. साठ-सत्तर फूट उंचीचा सरळ बांबू मुद्दाम निवडून आणतात. होळीचें व्रत घेतलेले पुरुष कित्येक दिवस कडक नेम पाळतात. अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेस वाळलेले भोपळे व घुंगरूं असा त्यांचा वेष असतो. आसपासच्या गांवांचे जथे ढोल घेऊन सायंकाळपासून येऊं लागतात व रात्रभर फेर धरून नाचतात. इतर ठिकाणीं होळी संध्याकाळीं पेटते. काठीस ती पेटते पहाटे. जाणाऱ्यानें मुक्कामाची सोय अक्कलकुव्यास किंवा मोलगीस अगोदर करावी, अंगावर घोंगडी अथवा जाड चादर बाळगावी, प्यावयाचें पाणी बरोबर न्यावें. व्रतस्थ पुरुषांस स्पर्श करूं नये व विचारल्यावांचून कोणाचें छायाचित्र घेऊं नये. तो तमाशा नव्हे, त्यांचा सण आहे.

उजाडतांना निखारे विझत आलेले असतात आणि जथे आपापल्या पाड्यांच्या वाटेस लागतात. पाहुण्यानेंही तेव्हांच निघावें, म्हणजे देवगोई घाट सकाळच्या गारव्यांत उतरून होतो. अक्कलकुव्यास पोंचतां पोंचतां दहा वाजतात व ऊन चढलेलें असतें. रस्त्याच्या कडेस रसवंतीच्या चरकाचीं घुंगरूं वाजत असतात. तेथें उसाचा एक पेला घ्यावा, बर्फ न घालतां, आणि दुपारची वेळ नंदुरबारांत सावलींत काढून संध्याकाळची गाडी धरावी. फलाटावर कांहीं कुटुंबें गांठोडीं व कोयते घेऊन सुरतेकडील गाडीची वाट पाहत बसलेलीं दिसतील. त्यांची सुटी संपलेली असते.